टॅक्सवाल्याला शेत दाखवणारी हिराकाकी

आमच्या शेजारच्या हिराकाकीला फोन ठेवता येत नाही. बटण तिला माहीत आहे. पण समोरचा बोलत असताना ते दाबणं म्हणजे दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे कर्ज देणारे, विमा विकणारे, लॉटरी लागली म्हणणारे, सगळे शेवटी स्वतःच कंटाळून फोन ठेवतात. एका क्रेडिट कार्डवाल्या मुलीला तिने जिताडा माशाचं कालवण मसाल्यासकट शिकवलं. मुलगी बिचारी शाकाहारी होती.

रोडपालीत आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन एकेकाळी काकीच्या सासऱ्यांची. आता काकीकडे तळमजल्यावरचा फ्लॅट, गळ्यात जाड सोनं आणि पायात रबरी चप्पल. मुलं ठाण्याला. ती फोन करतात ते "आई, बिझी आहे, नंतर बोलतो" हे सांगायला.

एका दुपारी तिने मला हाक मारली. कानाला फोन होताच. त्यावर हात दाबून म्हणाली, "इन्कम टॅक्सचा सायेब हाय. जमिनीचा टॅक्स ऱ्हायलाय. संध्याकालपर्यंत भरला नाय तर पोलीस येतील. दुकानातून गिफ्ट कार्ड घ्यायचं, मागचा नंबर खरवडून त्याला सांगायचा. कोनाला बोलू नको बोललाय."

"मग मला का सांगतेस?"

"तू कुठं कोनाशी बोलतस?"

हे खरं होतं. मी चपला घालून तिच्याबरोबर निघाले.

फोन चालूच ठेवा, असं साहेबाने बजावलं होतं. काकीला हे बजावायची गरज नव्हती. कामोठ्यापर्यंत रिक्षातून ती त्याला बाहेरचं दाखवत होती. "सायेब, हा टॉवर हाय ना, हितं आमचा भात व्हायचा. ही जिम. हितं म्हशी डुंबायच्या. त्या पैसे नव्हत्या भरत."

"मॅडम, दुकान आलं का?" साहेब विचारत होता.

काचेच्या दारांच्या त्या मोठ्या दुकानात शिरायला मला लाज वाटली. मी दारातच थांबले. काकीने कमरेचं पाकीट काढलेलं दिसलं. काउंटरवरची मुलगी हात हलवून काहीतरी बोलत होती. काकी बाहेर आली ती पुन्हा फोनवर. कार्ड घेतलं की नाही, कळेना.

परतीच्या रिक्षात साहेब म्हणाला, "नंबर बोला."

"गिफ्ट म्हंजे आहेरच की. आहेर आमच्यात फोनवर देत नाय रं. नातीच्या हलदीला ये. पाटावर बसवते, टिला लावते, माइकवर तुझं नाव पुकारते, मंग हातात देते."

"पोलीस पाठवू?"

"त्यांना बी आन. किती जन हाव सांग, तेवढे तांदूल धुते. आनि ऐक, खाडीकडचं शेत सांगायचं ऱ्हायलं..."

साहेबाने एक घाण शिवी दिली आणि फोन ठेवला.

काकी बंद फोनकडे बघत राहिली. मी भीत भीत विचारलं, "कार्ड?"

"घेतलंच नाय. ती पोरगी बोलली, मावशी, सरकार गिफ्ट कार्डावर टॅक्स घेत नाय. चोर हाय तो. फोन ठेवा आनि पोलिसांना कलवा."

"मग ठेवला का नाहीस?"

"चोर तं चोर. पन दुपारपासून ऐकत व्हता गं."

रिक्षा सिग्नलला थांबली. मला कुणाला काही विचारायचं म्हणजे फार धीर गोळा करावा लागतो. तो केला आणि म्हटलं, "काकी, खाडीकडच्या शेतात काय लावायचात?"

काकीने फोन पिशवीत टाकला. मग पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, जरा लांबून घे."