तीन शिंकांचं घराणं

“मी आत्ताच सांगून ठेवते, उद्या कोणी हसायचं नाही,” धाकटीने जेवताना सगळ्यांना बजावलं. “उगाच बोलायचं नाही. आणि ज्याला शिंक येते त्यानेच शिंकायचं.”

“म्हणजे तू सोडून सगळ्यांनी,” आत्या म्हणाली आणि आमटीसाठी वाटी पुढे केली.

घरच तसं होतं. अंधारातून एकदम उन्हात पाऊल पडलं की या घरातल्या माणसांना शिंका येत. एक नाही, दोन नाही, बरोब्बर तीन. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर बोळातल्या काळोख्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि दुपारी बाहेर आले की तीन शिंका द्यायचे. शेजारचा न्हावी हातातला वस्तरा न थांबवता म्हणायचा, “निघाले जेवायला.” दादा विजेची कामं करायचा. दिवा लागला रे लागला की तो शिंकायचा, त्यामुळे वीज आल्याचं गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरात बसून कळायचं. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, पोस्टातून निवृत्त झालेली. तिची शिंक तर अशी दणदणीत, की तिच्या खिडकीपुढे उभी असलेली माणसं आपोआप एक पाऊल मागे सरकायची म्हणे.

आणि आई! आई बिचारी परक्या घरातून आलेली, पण तिलाही उन्हात गेलं की तीन शिंका. “सून आणली तीसुद्धा शिंकणारी,” आत्या येईल त्याला अभिमानाने सांगायची. “शोधून सापडली नसती!”

कोरी राहिली ती एकटी धाकटी. लहानपणी ती मुद्दाम अंधाऱ्या माळ्यावर जाऊन बसायची आणि धावत गच्चीवर यायची. डोळ्यांतून पाणी यायचं, शिंक नाही. एकदा तिने नाकात दोरा घालून पाहिला, तर शिंक आली ती रात्री, झोपेत. “ही पोर कोणावर गेलीय कोण जाणे,” आत्या हसत म्हणायची. आत्याचा जीव होता तिच्यावर, पण ते वाक्य दर वेळी टोचायचंच. अशा वेळी कोणी भांडतं, कोणी रुसून बसतं. आमच्या धाकटीने तो विषयच अभ्यासाला घेतला. पदवी घेतली आणि शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागली. अशा माणसाला काय म्हणायचं? मी तर हात जोडतो.

पण नोकरी होती हंगामी. उद्या तपासणीस बाई तिचा तास बघायला येणार होत्या. तास पसंत पडला तर ती कायम, नाहीतर सत्र संपलं की घरी. विषय होता आनुवंशिकता. वाटाण्याच्या शेंगांचा तक्ता लावला की पोरं जांभया देतात, म्हणून तिने ठरवलं होतं, की या वेळी जिवंत नमुने न्यायचे. नमुने आत्ता समोर बसून आमटीभात खात होते.

दुसऱ्या दिवशी नमुने वेळेच्या आधीच शाळेत हजर झाले. तपासणीस बाई वर्गात मागच्या बाकावर बसल्या. उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांच्या. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही.

धाकटीने फळ्यावर घराण्याचा तक्ता काढला. पुरुष चौकोन, बायका गोल. शिंकणारे रंगीत खडूने भरलेले, न शिंकणारे कोरे.

“प्रत्येक गुणासाठी आपल्याकडे जनुकांची जोडी असते,” ती म्हणाली. “एक आईकडून आलेलं, एक बाबांकडून. आमच्या घरातली ही उजेडाने येणारी शिंक प्रभावी आहे. म्हणजे जोडीतलं एक जनुक शिंकेचं असलं तरी पुरे, माणूस शिंकणारच. दुसरं असतं, पण त्याचं काही चालत नाही.”

“आमच्या घरी बाबांचं असंच आहे, मॅडम,” एक मुलगी म्हणाली. वर्ग हसला. तपासणीस बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

“मग तुम्ही कशा काय कोऱ्या?” त्याच मुलीने पुढे विचारलं.

“माझे आई-बाबा दोघंही शिंकतात. पण दोघांच्याही जोडीत एकेक कोरं जनुक लपलेलं असणार. दोघांनीही मला नेमकं तेच दिलं. अशी शक्यता चारांत एक.” हे सांगताना तिचा आवाज किंचित खाली आला. सगळं घर एकीकडे आणि आपण त्या चारांतली एक, हे तिला स्वतःलाच कधी नीट पटलं नव्हतं.

मग सगळी वरात प्रयोगशाळेकडे निघाली. प्रयोगशाळेला लागून सामानाची अंधारी खोली होती, आणि तिचं एक दार थेट पटांगणात उघडायचं. नमुने आत, वर्ग बाहेर. तेवढ्यात आभाळ भरून आलं. पोरं मान वर करून ढगाकडे बघत बसली. आत आत्याची कुरकुर सुरू झाली, “इथे पाल आहे.” दादाने पाल दिसावी म्हणून सवयीने बटण दाबलं, दिवा लागला आणि आतूनच शिंकांची फैर झडली. “दिवा बंद करा!” धाकटी दाराला तोंड लावून ओरडली. तपासणीस बाईंनी पुन्हा काहीतरी लिहून घेतलं.

शेवटी ढग सरला, लख्ख ऊन पडलं. दार उघडलं. बाबा आले, तीन. दादा आला, तीन. आत्या आली, चार.

“चौथी धुळीची होती,” आत्याने लगेच खुलासा केला. “ती धरू नका.”

आई आली, तीन. नीटस, बेताच्या, मशीनवर टीप घातल्यासारख्या. आई शिवणाचा वर्ग चालवायची, तिचं सगळंच नीटस. पोरांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने नमुन्यांना पुन्हा आत बसवलं आणि दार लावून घेतलं.

“छान,” तपासणीस बाई पहिल्यांदाच बोलल्या. “पण मला सांगा, ही शिंक उजेडाने येते की उन्हाच्या उबेने? मघाच्या आतल्या शिंका धुळीच्याही असतील. तुम्ही उजेड म्हणालात. कशावरून?”

धाकटी गडबडली, पण क्षणभरच. अशी वेळ आली की तिचं डोकं चालायचं. “डोळे बांधून बघू या,” ती म्हणाली. “ऊन अंगावर येईल, उजेड डोळ्यांत जाणार नाही. माझं बरोबर असेल तर कोणीच शिंकणार नाही.”

“अस्सं,” तपासणीस बाई म्हणाल्या आणि पुढे येऊन उभ्या राहिल्या.

काळ्या कापडाच्या पट्ट्या निघाल्या. आतल्या मंडळींना एवढंच सांगितलं, की डोळे बांधा आणि एकेकाने बाहेर या. का, ते सांगितलं नाही.

“मी जाते आधी,” आई म्हणाली. “घरी शिवणाच्या मुली यायच्या आहेत.”

आईला हात धरून बाहेर आणलं. तोंडावर ऊन आलं. आई थांबली, मान किंचित वर केली आणि शिंकली. एक. दोन. तीन.

आणि नेमकी इथेच माशी शिंकली म्हणायची! धाकटीच्या हातातला खडू खाली पडला. तपासणीस बाईंनी लिहिलं, आणि या वेळी बरंच लिहिलं. “म्हणजे ऊबच,” त्या शांतपणे म्हणाल्या. “चला, पुढचे.”

बाबा आले. उन्हात उभे राहिले. वर्गाने श्वास रोखला. काहीच नाही. “छे बुवा,” बाबा पट्टीखालून म्हणाले, “नाक गप्पच आहे. बरं आहे ना माझं?” दादा आला. काहीच नाही. आत्याने तर उन्हात गोल फिरून पाहिलं, नाक वर करून पाहिलं, आणि शेवटी पट्टी काढून अपमान झाल्यासारखी सावलीत जाऊन उभी राहिली.

पटांगणात सगळे विचारात पडले. उजेडाने म्हणावं तर आई शिंकली कशी? उबेने म्हणावं तर बाकीचे गप्प कसे?

“मॅडम,” तपासणीस बाई म्हणाल्या, “तुमच्या आई नक्की कशाने शिंकल्या?”

आई अजून पट्टी बांधूनच उभी होती. ती सोडायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. ती अंदाजाने वळून म्हणाली, “झालं का गं? बाकीच्यांच्या शिंका कशा नाही आल्या?”

“कोणीच नाही शिंकलं, आई. तू एकटीच.”

आईचा चेहरा पडला. तिने हळूच पट्टी सोडली, घडी घातली. तिला खोटं बोलता येत नव्हतं. शिंकता येत होतं तेवढंच.

“मला नाही येत शिंक,” ती म्हणाली. “कधीच नाही आली.”

“काय?” बाबा डोळ्यांवरची पट्टी कपाळावर सरकवत म्हणाले.

“अहो, लग्न नवीन होतं. दुपारचा सिनेमा बघून बाहेर पडलो आपण. आठवतंय? पायऱ्यांवर तुम्ही तीनदा शिंकलात. मागची टोळकी हसायला लागली, एकजण तर तुमची नक्कल करायला लागला. तुमचे कान लाल झाले होते. मला नाही बघवलं. मग मीही दिल्या तीन ठोकून.” तिने पट्टीची घडी पुन्हा उलगडली. “लोक हसले, पण दोघांना हसले. दोघांना हसलं की तेवढं लागत नाही.”

“आणि मग?”

“मग वन्संनी घरभर सांगितलं, सूनही शिंकणारी निघाली म्हणून. सगळ्यांना केवढा आनंद झाला! आता माघार कशी घ्यायची? आज थांबू, उद्या थांबू करता करता मुलं मोठी झाली.”

“म्हणजे इतकी वर्षं रोज तीन तीन?” बाबांनी विचारलं.

“न्यूमोनिया झाला होता तेव्हा दोनवर भागवलं,” आई अपराधी चेहऱ्याने म्हणाली. “तुमच्या लक्षात नाही आलं.”

आत्या तोंड उघडायची, आईकडे बघायची आणि मिटायची.

धाकटी मात्र एकदम वळली आणि वर्गाकडे चालायला लागली. सगळे तिच्यामागे. तपासणीस समोर असताना आपलाच तक्ता चुकीचा निघालेला, नोकरी गेल्यात जमा. दुसरं कोणी असतं तर आईवर खापर फोडलं असतं किंवा डोकं धरून बसलं असतं. हिने डस्टर उचललं आणि आईचा रंगवलेला गोल पुसून कोरा केला.

“मुलांनो, मी चुकले,” ती म्हणाली. “आता नीट बघा. आई कोरी आहे. ती फक्त कोरं जनुकच देऊ शकते. बाबा शिंकतात, पण मी कोरी आहे, म्हणजे त्यांच्या जोडीत एक कोरं असणारच. मग त्यांच्या मुलांपैकी किती शिंकतील?”

“निम्मी!” वर्ग ओरडला.

“दादा शिंकतो. मी नाही. शिंक उजेडानेच येते, आणि आता सगळं जमतंय.”

“मॅडम,” तीच मुलगी उभी राहिली, “म्हणजे तुम्ही आईवर गेलात!”

धाकटी फळ्यावरच्या त्या दोन कोऱ्या गोलांकडे, एक वर आणि एक खाली, नुसती बघत राहिली. मग तिने घाईघाईने डोळे पुसले आणि खडूची धूळ गेली म्हणाली.

तपासणीस बाईंनी वही मिटली. “मी पुष्कळ तास बघते,” त्या म्हणाल्या. “चूक झाकणारे शिक्षक रोज भेटतात. चूक पुसून तिथेच उत्तर लिहिणारं आज भेटलं. तुमच्या कायम होण्याला माझी हरकत नाही.” मग जाता जाता आईपाशी थांबल्या. “शिंका मात्र अप्रतिम होत्या हं. मी फसले.”

शाळा सुटली. अंधाऱ्या जिन्यातून मंडळी फाटकाकडे निघाली. समोर ऊन, आणि घरी निघालेल्या पोरांची ही गर्दी. पाऊल बाहेर पडताच दादा शिंकला, आत्या शिंकली, आणि शेवटी बाबा शिंकले, तीनदा. शिंकून झाल्यावर सवयीने थांबले.

मागून काहीच आलं नाही. आई पिशवीचा बंद चाचपत उभी होती. आता सगळ्यांना ठाऊक झालेलं, शिंकणार कशी? पोरांत खसखस पिकली. कोणीतरी बाबांची नक्कल केली. बाबा हसले, पण त्यांचे कान लाल व्हायला लागले होते.

“आच्छी!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. धाकटी. “आच्छी!” तिने पुन्हा केलं. आणि मग तिसरी, जरा ओढूनताणून आणलेली.

“बघा! बघा!” आत्याचा गेलेला आवाज एका झटक्यात परत आला. तिने भर रस्त्यात धाकटीच्या पाठीवर थाप मारली. “शेवटी रक्त बोललंच की नाही? त्या तक्त्याला घाला चुलीत! आमच्यावरच गेलीय पोर, मी पहिल्यापासून म्हणत होते!”

“हो ना, वन्सं,” आई म्हणाली.

बाबांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि चष्मा काढून उगाचच पुसायला लागले.

आईने धाकटीपुढे रुमाल धरला. धाकटीने आपलं कोरडं ठणठणीत नाक पुसलं.

“चांगल्या होत्या,” आई तिच्या कानाशी लागून म्हणाली. “फक्त पुढच्या वेळी तिसरी ओढायची नाही. आणि बाबांची शेवटची संपली की लगेच सुरू करायची, त्यांना वाट बघायला लावायचं नाही.”