झिऱ्यांचा इतिहास आणि रेवूचा प्रवेश

एका जंगलात, मुलांनो, विद्यापीठं फार झाली होती. झाडं कमी आणि विभागप्रमुख जास्त. हसू नका, पुढं ऐका.

तिथं रेवू नावाची एक साळिंदरीण होती. तिला इतिहासात पीएचडी करायची होती. विषय एवढासाच. मोठ्या दुष्काळात नदी आटली, तेव्हा पाण्यासाठी वाळूत झिरे कोणी खणले? अख्खं जंगल त्या झिऱ्यांवर जगलं होतं. दरबारी पोथीत लिहिलं होतं, वाघ महाराजांनी खणले. पण गोदाक्का कासवीण म्हणायची, "कसले महाराज! घुशींनी खणले. मी तिथंच होते की." त्या काळचं दुसरं कोणी आता उरलं नव्हतं.

रेवू पहिल्या विद्यापीठात गेली. हत्तीसर म्हणाले, "विषय गोड आहे हो. पण यावर आधी कोणी काम केलंय?"

"नाही सर. म्हणून तर मी..."

"मग संदर्भग्रंथ कुठले देणार? त्यापेक्षा वाघांच्या शिकारींवर करा. माझ्या सोळा विद्यार्थ्यांनी तेच केलंय."

दुसरीकडे सांबरबाई होत्या. त्यांनी अर्ज वाचून चष्मा काढला. "साक्षीदार जिवंत आहे? मग हा इतिहास नव्हे, गप्पा झाल्या. तरी अर्ज ठेवून जा. आणि नोंदणीआधी जमवलेली माहिती आम्ही धरत नाही, बरं का."

रेवू नियमाची पक्की. गोदाक्का सांगायला लागली की ही कानांवर पंजे ठेवायची.

"थांब आक्का, आधी नोंदणी होऊ दे."

"अगं, माझा काय भरवसा? आत्ताच लिहून घे."

"आत्ता लिहिलेलं चालत नाही गं."

"मग तुझ्या प्रवेशासाठी मी मरू की काय?"

दोन पावसाळे गेले आणि गोदाक्काही गेली. रेवू ढसाढसा रडली. तेराव्याच्या दिवशी सांबरबाईंचं पत्र आलं. विषय आता इतिहासात बसतो, प्रवेश मंजूर.

रेवू वही घेऊन धावली. "बाई, साधनं कुठली वापरू?"

"दरबारी पोथी आहे ना. चांगली शिक्क्याची आहे."

तीन वर्षांनी प्रबंध बाहेर पडला. 'झिरे आणि वाघ महाराजांची दूरदृष्टी : एक चिकित्सक अभ्यास.' लिहिताना रेवूला लाज वाटली. पहिलं प्रकरण संपेपर्यंत वाटली.

मग तिचा सत्कार झाला. शाल आली, नारळ आला, भाषणं झाली. घुशी मागच्या रांगेत बसल्या होत्या. आपल्या आज्यांनी झिरे खणलेच नव्हते, हे त्यांना तिथं कळलं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : मुलांनो, ज्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलंय त्याचं कधी ऐकत बसू नका. ऐकलं की खरं काय ते कळतं, आणि पदवी राहून जाते.