पाळण्यातली दुसरी आई

‘टुडुक!’

महाप्रयासानं जमवलेली दुपारची शांतता त्या एवढ्याशा आवाजानं मोडली. आई जागच्या जागी थिजली. पाळण्याच्या कठड्याला लावलेल्या पांढऱ्या डबीवर हिरवा दिवा लागला होता. सहा महिन्यांचा धाकटा मात्र हलला नाही. जागी झाली होती ती फक्त डबी!

"आता तू निर्धास्त!" सकाळी ऑफिसला निघताना नवऱ्यानं छाती फुगवून सांगितलं होतं. "बाळ रडलं की ही ओळखते, पाळणा हलवते, वर तुझ्याच आवाजात समजूत काढते. आणि रोज शिकत जाते! महिन्याभरात आपल्या पोराला आपल्यापेक्षा हीच जास्त ओळखेल!"

"मी तीन पोरं वाढवली," सासूबाई म्हणाल्या. "एकालाही चार्जिंगला लावलं नव्हतं."

"अगं आई, फायदे तरी बघ!"

"बघते ना. तुझ्या वेळी असती, तर आठवड्यात राजीनामा देऊन गेली असती."

आईला मात्र डबी हवी होती. तिचा धंदा आवाजाचा. लोकांनी कानांनी वाचायची पुस्तकं ती वाचायची. धाकट्याच्या जन्मानंतर पहिल्यांदाच काम चालून आलं होतं, तेही मुलांचं चांगलं जाडजूड पुस्तक. पण ध्वनिपुस्तकवाल्या बाईंनी आडपडदा ठेवला नव्हता.

"हल्ली यंत्रही वाचतं हो. ते खोकत नाही, दमत नाही, त्याला पोरंबाळं नाहीत. फक्त रडणं जमत नाही, उचकी लागलेल्या रेडिओसारखं रडतं! तेव्हा अस्वलाचं पिल्लू हरवतं तो प्रसंग चारच्या आत पाठवा. काळजाला भिडला, तर पुस्तक तुमचं. नाहीतर यंत्राचं."

सासूबाई थोरलीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात केस रंगवायला गेल्या होत्या. घर रिकामं होतं. आई स्टुडिओत शिरली. स्टुडिओ म्हणजे पाळण्याशेजारचं कपाट! तीन बाजूंना गोधड्या, डोक्यावर लोंबणारे कोट, बुटांच्या खोक्यावर माईक. फोन मुका करून तिनं कानांवर हेडफोन चढवले आणि पिल्लू होऊन रडायला लागली. अपुऱ्या झोपेचा साठा होताच, रडू कसं छान आलं!

"झोप रे राजा, आई इथंच आहे..."

ती दचकली. हा तर तिचाच आवाज! चुकून जुनं रेकॉर्डिंग लागलं की काय? तिनं बटणं तपासली, वायरी तपासल्या, पुन्हा रडली.

"झोप रे राजा, आई इथंच आहे..."

सहाव्यांदा तेच झालं, तेव्हा तिला आपल्या डोक्याचीच शंका यायला लागली. बाहेर डबी बिचारी इमानेइतबारे राबत होती! कपाटातलं रडं ऐकून ती ढाराढूर झोपलेल्या धाकट्याला गदागदा झुलवत होती आणि समजावत होती. सातव्या खेपेला डबीनं हात टेकले आणि गाणंबिणं बंद केलं. आई खूश! अडथळा गेला. ती असं रडली, असं रडली, की गोधड्यांनाही गहिवरून यावं.

पण हात टेकल्यावर काय करायचं, हेही डबीला शिकवलेलं होतं. नवऱ्यानं हौसेनं घरच्यांचे नंबर घातले होते. दोन फोन एकाच वेळी किंचाळले: ‘बाळ सतत रडत आहे. आई प्रतिसाद देत नाही.’

दहा मिनिटांत कपाटाचं दार धाडकन उघडलं. समोर हेल्मेटसकट नवरा. मागे अर्धं डोकं काळं, अर्धं पांढरं अशा सासूबाई, गळ्यात दुकानातलंच कापड. त्यांच्या मागे दुकानातलाच कंगवा घेतलेली चार वर्षांची थोरली. आणि पाळण्यात बाळ मजेत झोपलेलं! कपाटात मात्र गोधडी पांघरलेली सून नाक लाल करून हुंदके देतेय!

सासूबाई गर्रकन मुलाकडे वळल्या. "काय बोललास हिला?"

"मी? काही नाही!"

"काही नाही? पोरीला कपाटात बसून रडायची वेळ आली आणि म्हणे काही नाही!"

नवऱ्याची पाचावर धारण बसली. "कालची भांडी मी मुद्दाम भिजत ठेवली," तो घाईघाईनं म्हणाला. "आणि पहाटे बाळ रडतं, तेव्हा मी जागा असतो. घोरतो ते... ते खोटं असतं."

"अहो, मी रडत नव्हते, मी अस्वल होते!" आई ओरडली.

"बघ, बघ काय अवस्था केलीस!" म्हणत सासूबाईंनी सुनेला पोटाशी धरलं. तिच्या कपाळाला काळा रंग लागला. त्या गोंधळानं धाकटा उठला आणि त्यानं खराखुरा टाहो फोडला. सगळ्यांनी आशेनं डबीकडे पाहिलं. सात वेळा शिकून शहाणी झालेल्या डबीवर अक्षरं उमटली: ‘आसपास गोंगाट आहे. बाळ शांत झोपलं आहे.’

चाराला सहा मिनिटं कमी होती! एका हातात बाळ, दुसऱ्या हातानं आईनं रेकॉर्डिंग पाठवलं. सोबत डबीची नोंदही जोडली: ‘बाळ रडत असल्याची खात्री: शंभर टक्के.’

उत्तर लगेच आलं. "यंत्रानंच निकाल दिला की! पुस्तक तुमचं. फक्त शेवटी कोणीतरी भांड्यांची कबुली देतंय, तेवढं कापून टाका."

"आजच परत करतो ही डबी," नवरा पुटपुटला.

"मुळीच नाही," आई म्हणाली. "झुलवते छान. रडतंय कोण ते आपण बघू. पहाटे तर तू जागाच असतोस!"

"आणि माझा नंबर राहू दे हो त्यात," सासूबाई अर्धा काळा अंबाडा बांधत हळूच म्हणाल्या. "असावं आपलं."

संध्याकाळी धाकटा कुशीत पेंगुळला होता. आईचेही डोळे मिटत होते. थोरली पाळण्याशी उभी राहून दुकानातल्या कंगव्यानं डबी विंचरत होती.

"आई, ही पण आईच ना?"

"आवाजापुरती, हं."

थोरलीनं डबीला कान लावला, बराच वेळ ऐकलं.

"मग सगळ्यांना झोपवून झालं, की आईला कोण झोपवतं?"