स्टेशनला जाणारी रिकामी बस

मी रेल्वेत आहे. म्हणजे आवक-जावक विभागात कागदांवर शिक्के मारतो. पण बडोद्यातल्या मांजलपूरच्या आमच्या नव्या सोसायटीत असा समज आहे की चाकं असलेल्या प्रत्येक गोष्टीतलं मला कळतं. (हा समज मीच पसरवलाय.) त्यामुळं मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय निघाला तेव्हा गप्प बसायचं सोडून मी उभा राहिलो, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

झालं होतं असं की दुसरी विंग पूर्ण होत आली होती आणि तिथल्या लोकांना घरटी दोन गाड्यांची जागा हवी होती. आमचे बिल्डर प्रतापसिंहभाई म्हणाले, कॉमन प्लॉटवर पेव्हर ब्लॉक टाकून देतो, कटकट मिटली. कॉमन प्लॉट म्हणजे मधलं मैदान. संध्याकाळी तिथं पोरं खेळतात, नवरात्रात गरबा होतो. माझ्या बायकोनं, सुनीतीनं, गॅलरीतून ते मैदान दिसतं म्हणून हा फ्लॅट घेतला. (मला पसंत करताना तिनं एवढा उत्साह दाखवला नव्हता.) तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मी बोलून गेलो, "गाड्यांना जागा कशाला शोधायची? गाड्याच कमी करू. सोसायटीची बस चालवू."

प्रतापसिंहभाई व्यवहारी माणूस, पण अडेलतट्टू नाही. साइट बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी एक छोटी इलेक्ट्रिक बस घेतली होती. ती ड्रायव्हरसकट द्यायला ते तयार झाले. अट एकच: नवरात्रीच्या आत बस भरून धावताना दिसली तर मैदान राहील, नाहीतर पेव्हर. लगेच एक वाहतूक समिती नेमली गेली आणि मी तिचा अध्यक्ष झालो. सभासदही मीच होतो.

मग मी सर्व्हे केला. घरोघरी गेलो, सोफ्यावर बसलो, घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारलं, बसनं जाणार का? एकानंही नाही म्हटलं नाही. "चोक्कस, विश्वासभाई, पहेली सीट अमारी," असं ऐकत आणि प्रत्येक घरी चहा पीत मी दोन्ही विंगा संपवल्या. पित्त खवळलं, पण ऊर भरून आला. एखाद्या मराठी घरात "बघू" म्हणाले असते तर मी तिथंच सावध झालो असतो.

टाइमटेबल मी अस्सल रेल्वे पद्धतीचं केलं. बस सकाळी थेट स्टेशनला आणि संध्याकाळी थेट परत. मध्ये थांबा नाही, वाट वाकडी करणं नाही. बडोद्यात घराबाहेर पडलेला माणूस स्टेशनलाच जातो, असं मी धरून चाललो होतो. मी तरी जातो, माझं ऑफिस तिथंच आहे.

पहिल्या दिवशी बसला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि ड्रायव्हर. 'पहेली सीट'वाले शेजारी स्कूटरवरून आम्हाला मागं टाकून गेले. जाताना त्यांनी प्रेमानं हातही हलवला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि त्यानंतर रोज तेच होत राहिलं. मी जागा बदलून बदलून बसायचो, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला माणसं जास्त वाटावीत. रात्री सुनीती गॅलरीत उभी राहून मैदानाकडे बघत राहायची आणि मला काहीच बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा मला खरी भीती वाटते.

शेवटी तो दिवस आला. प्रतापसिंहभाई पेव्हरच्या कंत्राटदाराला घेऊन दुपारी मैदान मोजायला येणार होते. मी सकाळीच ड्रायव्हरला बस सोसायटीत परत न्यायला सांगितलं आणि दुपारी अर्धी रजा टाकून घरी आलो. निदान बस धुऊनपुसून उभी करावी, एवढाच माझा बेत होता. बघतो तर बस जागेवर नाही.

ड्रायव्हर फोन उचलेना. तेवढ्यात प्रतापसिंहभाई गाडीतून उतरले आणि त्यांनी विचारलं, "विश्वासभाई, बस क्यां छे?" मी म्हणालो, सेवेत आहे. (चोरीला गेलीय असं कुठल्या तोंडानं सांगणार?) मग कोपऱ्यात जाऊन सुनीतीला फोन लावला.

"अगं, बस गायब आहे. तू कुठं आहेस?"

"बसमध्ये."

"आणि बस कुठं आहे?"

"खंडेराव मार्केटच्या बाहेर. ड्रायव्हर गवारीच्या पिशव्या चढवतोय."

"कुणाच्या परवानगीनं?"

"भाजी संपली होती," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं बस फाटकातून आत आली. दारात पालेभाज्यांच्या जुड्या, खिडक्यांत चेहरे, आत पाय ठेवायला जागा नाही. वरच्या मजल्यावरच्या निरुपमाबेन सगळ्यात आधी उतरल्या. त्यांनी प्रतापसिंहभाईंना तिथंच सगळं सांगून टाकलं. मी सकाळी उतरलो की बस संध्याकाळपर्यंत स्टेशनवर नुसती उभी असायची. सुनीतीनं एकदा तिला बोलावून घेतलं आणि तेव्हापासून ती रोज मार्केट, बँक, दवाखाना आणि पोरांच्या क्लासला जात होती. "आ बस हवे अमे नहि छोडीए," म्हणजे ही बस आता आम्ही सोडणार नाही, असं त्यांनी बजावलं. दोन घरांनी तर दुसऱ्या गाडीचं बुकिंगही रद्द केलं होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी सुनीतीला विचारलं.

"मार्गबदलाचा अर्ज मागितला असता तुम्ही. अहो, घरोघरी चहा प्यायलात. तो करणारीला कुठं जायचंय, हे एका तरी घरात विचारलंत का?"

मी गवारीच्या पिशव्या उतरवायला लागलो. प्रतापसिंहभाईंनी कंत्राटदाराला परत पाठवलं आणि हरणी भागातल्या आपल्या नव्या स्कीममध्ये आधी बसचा थांबा आखायचा, मग पार्किंग, असं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. त्या नवरात्रात सुनीती मैदानात गरबा खेळत होती आणि मी गॅलरीतून बघत होतो. मला खरंच फार आनंद झाला होता.

समितीची अध्यक्ष आता सुनीती आहे. तिनं पहिल्याच बैठकीत स्टेशनची फेरी बंद केली, कारण त्या फेरीला एकच प्रवासी होता. त्यामुळं मी हल्ली पेट्रोलच्या स्कूटरवरून ऑफिसला जातो. आमची योजना बघायला दुसऱ्या सोसायट्यांची माणसं येतात, त्या दिवशी सुनीती मला स्कूटर मागच्या फाटकातून काढायला सांगते.