तार निघालेल्यांची भिंत

साखराबाई मढ्याला भीत नाही हे जाफराबादेत सगळ्यांना माहीत होतं, कारण तिनेच ते सगळ्यांना सांगितलं होतं. तिचं घर स्मशानाच्या रस्त्याला. दारावरून तिरडी गेली तरी तिची तव्यावरची भाकरी कधी करपली नव्हती. म्हणून अर्पिता डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात झाडलोटीचं काम लागलं तेव्हा ती म्हणाली, दातच तर आहेत, दातांना काय भ्यायचं!

पहिल्याच सकाळी तिची बोबडी वळली.

दवाखाना वाकडे दात तार लावून सरळ करण्याचा. आतल्या खोलीत एका फळीवर दातांचे पांढरे साचे ओळीने मांडलेले. वर ना डोळे, ना नाक, नुसते जबडे! समोरच्या भिंतीवर फोटोच फोटो. हसरी, तरणीताठी माणसं, त्यांत बरीच शाळकरी पोरं. प्रत्येक फोटोला वाळलेला हार आणि खाली दोन तारखा. साखराबाईला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. हार घातलेल्या फोटोखाली दोन तारखा कुणाच्या असतात, हे कळायला शाळा लागत नाही.

खरं तर ही सगळी डॉक्टरीणबाईंची शिस्त. दवाखाना चालवायचा तर माणसं जोडा, असं त्या पुण्याच्या एका शिबिरात शिकून आल्या होत्या. तेव्हापासून ज्याची तार निघेल त्याचा हार-नारळ देऊन सत्कार, फोटो, आणि फोटोखाली तार बसवल्याची नि काढल्याची तारीख. पेशंट नारळ आठवणीने घरी नेई, हार खुर्चीवर विसरून जाई. मदतनीस मच्छिंद्रला काही वाया गेलेलं बघवत नसे, तो हार ज्याचा त्याच्या फोटोला घाली. असं तीन वर्षं चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

साखराबाई सातला येई, नऊला जाई. पेशंट येत दहानंतर. तिला दिसायची ती फक्त भिंत. गेलेल्या माणसांची चौकशी कामाच्या जागी करू नये, म्हणून तिने कुणाला विचारलं नाही. मुकाट्याने एकेक काच पुसायची. पुसताना पाठीमागचे जबडे आपल्याकडेच बघतायत असं वाटे, पण ती मान वळवत नसे.

तिला खरा घोर होता नातीचा. पिंपळगाव रेणुकाईची प्रांजली दीड वर्षापासून याच दवाखान्यात येत होती. भिंतीवरच्या एकाच्याही दातांवर तार नव्हती; पोरीची तार अजून दातावर आहे, तिला काही होत नाही, असं साखराबाई रोज मनाला समजावी.

शुक्रवारी सकाळी भिंतीवर नवा फोटो दिसला. प्रांजलीचा. खाली दोन तारखा, पहिली पोरीला तार बसवल्याची, आणि दुसरी आजची! मच्छिंद्रने सत्काराची तयारी आदल्या दिवशीच करून ठेवली होती. फोटोला हार तेवढा नव्हता. साखराबाईने भीत भीत कोपऱ्यातला छोटा फ्रीज उघडला. आत ओल्या फडक्यात ताजा हार होता.

तिने फोटो पदराखाली घेतला आणि जीपच्या थांब्यावर जाऊन बसली. साडेदहाला मुलगा भागवत प्रांजलीला घेऊन उतरला. आई रडत का आहे ते त्याला कळेना, आणि साखराबाईच्या तोंडून ते अशुभ निघेना. शेवटी तो तिलाही दवाखान्यात घेऊन आला. तिथे मात्र ती एका हातात फोटो धरून आतल्या खोलीच्या दारात हात पसरून उभी राहिली.

"पोरीची तार काढायची न्हाई," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "जिची काढली, ती भिंतीवर गेली. म्या ह्या महिनाभरात सगळ्या तारखा वाचल्या."

बाहेर बसलेल्या पेशंटांनी दारातून भिंतीकडे पाहिलं. इतके दिवस कुणी नीट पाहिलं नव्हतं! एका बाईने मुलाचा हात धरून चपला घातल्या. तिच्यामागे दोघे उठले. डॉक्टरीणबाईंनीही भिंतीकडे पाहिलं आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या.

तेवढ्यात बाहेरचं दार ढकलून राजानंद आत आला. वरच्या ओळीतला पहिला फोटो, त्याच पिळाच्या मिशा. तार निघाल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून रात्री घालायची त्याची प्लेट, काढायची विसरून ऊस खाताना मोडली होती, ती दाखवायला आला होता. साखराबाईच्या हातातला फोटो खाली पडून काच फुटली. ती हळूहळू पुढे गेली आणि तिने राजानंदचा दंड चिमटीत धरला.

"अंग ऊन हाय," ती भागवतला म्हणाली.

अर्ध्या तासाने प्रांजली तार काढून बाहेर आली आणि हसली. एका ओळीत बसलेले दात. साखराबाईने तिला जवळ ओढलं आणि मोठमोठ्याने रडली. मच्छिंद्र खुर्चीवर चढून खाली मान घालून हार काढत होता.

"मावशी, आमच्या हातून माणसं मरतात असं वाटत असून तुम्ही महिनाभर कामाला आलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मंग काय करता? एवढी लेकरं भिंतीवर. त्यांची धूळ कोन पुसनार व्हतं?"

राजानंदने घसा खाकरून विचारलं, त्याचाही फोटो पुसला जात होता का.

"रोज सगळ्यात आधी तुमचाच," साखराबाई डोळे टिपत म्हणाली. "तुमी लई तरणे गेल्ते."