इनास सरांचं रविवारचं कोर्ट

इनास सरांनी एकदा आरवणाऱ्या कोंबड्याला "हरकत आहे!" म्हणून दम भरला होता. कोंबडा गप्प झाला तेव्हा "हरकत मान्य" असंही तेच म्हणाले.

मी लांबच्या केज गावाकडचा, सातवीतच शाळा सोडलेला. मुंबईजवळच्या उमेळे गावात सरांच्या वाडीत केळींना पाणी लावायला राहिलो. पहिल्या दिवशी भीतीने दारातच उभा राहिलो. सर म्हणाले, "जेवलास का रे महादू? खोटं बोललास तर शपथेवर घेईन!" त्या घरात मी कधी उपाशी झोपलो नाही.

सर मुंबईला एलएल.एम.च्या वर्गाला फौजदारी कायदा शिकवत. रविवारचा चर्चमधला मिस्सा आटोपला की विद्यार्थी वाडीत येत आणि अंगणात सरावासाठी खोटं कोर्ट भरे. नोकरी सांभाळून शिकणारा एक फौजदार, वकिलांची दोन मुलं आणि चांदीपच्या पाड्यावरची कमळ. भूमिका पोरंच वाटत आणि कमळ दर वेळी आरोपी.

"तुला शोभतं गं!" फौजदार हसे.

एका रविवारी ती पिशवी घेऊन आली. "सर, तुमची पुस्तकं. मी आता कॉलेजला नाय येनार. न्यायाधीश कोन नि आरोपी कोन ते ठरलेलंच हाय, मग मी कशाला?"

"हरकत आहे!" सर असे ओरडले की माझ्या हातातली कळशी सुटली. "आज कमळ न्यायाधीश. आरोपी फौजदारसाहेब, गुन्हा नारळचोरी. महादू साक्षीदार."

"सर, आमच्या खात्याची अब्रू!"

"विचारल्याशिवाय आरोपीने बोलू नये."

"सर, मी सातवी..." मी पुटपुटलो.

"साक्षीला डोळे लागतात, डिग्री नाही."

वकिलांच्या मुलांनी फौजदाराला उन्हात उभं करून प्रश्नांनी असं पिळलं की तो लालेलाल झाला. कमळ मात्र पिशवीचा बंद हातात धरून बसलेली. आता उठून जाते की काय, म्हणून माझा जीव टांगणीला.

"थांबा," ती म्हणाली. "मानूस कधीचा उभा हाय. पयलं त्याला पानी द्या. मग बसून बोलू दे."

"पण हे कुठल्या कलमात..." वकिलाचा एक मुलगा म्हणाला.

"न्यायाधीश मी हाय ना?"

फौजदाराने तांब्या रिकामा केला. "मेहरबानी, बाईसाहेब," म्हणाला. या वेळी हसला नाही.

सर उठून आत गेले. मी मागोमाग गेलो, तर चुलीकडे तोंड करून उभे.

"सर, काय होतंय?"

"बांधाच्या भांडणात माझा बाप कोर्टात असाच उभा होता रे, दिवसभर. मी दारातून बघत होतो. कोणी पाणी विचारलं नाही त्याला."

बाहेरून कमळची हाक आली, "सर, निकाल आज देऊ की पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी," सर म्हणाले. पण आवाज इतका बारीक, की बाहेर जाऊन मलाच सांगावं लागलं.