सकाराम मिस्त्रीची गिटार

आमच्या शेजारचा सकाराम मिस्त्री कोनाच्याही घरी जेवाले गेला, का पयले खिशातून काचेची गोटी काढे अन् पाटावर ठेवे. गोटी थांबली तं बसे. घरंगळली तं उभाच. म्हने, "पाट वाकडा हाय. अन्न एका अंगाले जाईन."

माया बहिनीच्या लग्नात सारी पंगत बसली, वरन वाढून झालं, अन् हा बुडा एकटा उभा. मामानं पाटाखाली खापर सरकवलं तवा कुठं टेकला. जेवून उठल्यावर मामालेच म्हनते, "आता पाट सरळ झाला. मान्सं तेवढे राह्यले." मंग त्याले जेवाले बलावते कोन?

तहसिलीत टेबल दुरुस्तीले बलावलं, तिथंही तेच. यानं गोटी ठेवली, ते गेली थेट तहसीलदाराच्या मांडीत. "सायेब," म्हने, "तुमचा न्याव तिकडं घसरून राहिला." टेबल तसंच राह्यलं, मिस्त्री बाहीर.

मी तवा मूर्तिजापूरच्या बजारात भाजी विकत होतो अन् मिस्त्रीची नक्कल करत होतो. खरं सांगतो, वांग्यापेक्षा नक्कल जास्त खपे. एक डोळा बारीक कराचा, मान कोंबडीवानी तिरपी धराची अन् नाकातून म्हनाचं, "उजेड दिसून राहिला." सारं हॉटेल हसून लोळे.

त्या उजेडाची गोठ अशी. लहान लाइनच्या गाडीवर डिसोजा नावाचा गोव्याकडचा गार्ड होता. त्याच्यापाशी गिटार होती, म्हंजे सतारीची गोरी मावसबहीन. तिच्यावर कोनाची तरी लोखंडी पेटी पडली अन् बाजूचा लाकडी घेर चुरा झाला. वरची-खालची फळी तेवढी साबूत. गार्ड मिस्त्रीले म्हने, "नया घेर बना दो, मिस्त्री. नाताळ को बजाना है."

मिस्त्रीनं धारनीकडचं सागवान पातळ केलं, भिजवलं, तापल्या नळीवर वाकवलं, अन् चार बोटं उंचीचा घेर उभा केला. आठ दिवसात. मंग बुड्याच्या अंगात आलं. घेराचे काठ एकदम सपाट पाह्यजेत, नाहीतर फळी नीट चिकटत नाही, फट राह्यते, आवाज फाटते. म्हून त्यानं न्हाव्याचा जुना आरसा आनला, त्याच्यावर तेलात कालवलेली काजळी फासली अन् घेर घासला. जिथं काळं लागलं तिथं उंच, तिथं कानस माराची. मंग घेर आरशावर ठेवून, पोटावर पडून, खालून फट पाहाची. "उजेड दिसून राहिला." पुन्हा कानस.

नाताळ गेला. संक्रांत गेली. गार्ड दर आईतवारी येये. मिस्त्री त्यालेही जमिनीवर आडवा करे. डोक्याले डोकं लावून दोघं पडलेले.

"दिसला का?"

"हां, दिसा."

"कुठं?"

"इधर, कमर के पास."

मंग चहा. गार्ड गोव्यातल्या नारळाच्या गोठी सांगे, मिस्त्री गावातल्या वाकड्या खाटा मोजून सांगे. त्याच्या दारी दुसरं कोनी येतच नोतं. येईन कसं? घरोघरच्या खाटेले नावं ठेवून झाली होती.

अन् घेर? कानस लागली का काठ उतरे. चार बोटाचा साडेतीन झाला, साडेतीनचा तीन. मी हॉटेलात सांगे, असंच चाललं तं गार्डसायबाले गिटारीच्या जागी पापड भेटते.

एका आईतवारी मी भाजी द्याले गेलो. घेर आरशावर होता. मीही वाकून पाह्यलं. सांगतो तुमाले, केस सरकवाले जागा नोती. काजळी काठाले सारखी लागलेली, एका रेघेत.

म्या म्हनलं, "काका, झालं ना हे."

तेवढ्यात ठेसनावर गाडीची शिट्टी झाली. बुड्यानं कानस उचलली, घेराच्या कमरेपाशी दोन हात मारले, फुंकून भुसा उडवला. मंग दोन कप धुतले अन् बाजेवरची चादर झटकाले लागला.

मले हसू आवरे ना. असा माल हॉटेलात वर्षभर पुरला असता. पन म्या म्हनलं, पयले गार्डले सांगावं, गिटार त्याची हाय. गल्लीच्या तोंडाशीच त्याले गाठलं.

"सायेब, बुडा तुमाले बह्याड बनवून राहिला. घेर बरोबर झाला होता. तुमच्या गाडीची शिट्टी आयकली अन् त्यानं जानून बिघडवला. म्या डोळ्यानं पाह्यलं."

गार्डनं टोपी काढली, घाम पुसला. काखेत बिस्कुटाची पुडी होती, ते दुसऱ्या हातात घेतली.

"मालूम है, बाबा," तो म्हने. "मैं भी हर बार नापता हूं. अभी तीन उंगली बाकी है. संभाल के घिसेगा तो दिवाली के पार जायेगा."

अन् मिस्त्रीच्या बुटक्या दारातून वाकून आत गेला.